न बोलणाऱ्यासाठी किती थांबायचं?

शंकेखोर : पोलिंगवरचा माझा राग जुना आहे, भाऊ. ज्याला काही सांगायचं नाही त्यालाही फेरी मारून विचारत बसायचं, आणि ज्याला सांगायचं आहे त्याने पाळी येईपर्यंत गप्प राहायचं, हा कुठला न्याय? अकोल्याच्या एमआयडीसीतली एखादी डाळमिल घ्या. चाळण्या, रोलर, एलिव्हेटर, पॉलिशर, ड्रायरचे पंखे. प्रत्येक फीडरला एक एनर्जी मीटर, आणि असे तीस मीटर आरएस-४८५ च्या एकाच तारजोडीवर ओवलेले. पीएलसी असो की संगणक, जो मास्टर असेल तो एक नंबरला विचारतो, उत्तर घेतो. दोनला विचारतो, उत्तर घेतो. तिसापर्यंत जातो आणि पुन्हा एकवर येतो. अठराव्या मीटरला दिसतंय की आपल्या मोटरचा एक फेज गेलाय. पण मास्टर तोवर एकोणिसाव्याकडे सरकला. आता अठराव्याने अख्खी फेरी तोंड दाबून बसायचं. ही विचारपूस ज्या मॉडबस भाषेत चालते ती मोडिकॉन कंपनीने काढली १९७९ साली. तेव्हा प्रत्येक उपकरणात अक्कल भरणं महाग पडायचं, म्हणून सगळी अक्कल मास्टरकडे ठेवली. आज मीटरमधल्या चिपलाही स्वतःचं डोकं आहे. मग अजून तीच फेरी काहून?

पाठीराखा : तारजोडी अजून एकच आहे म्हणून. एका जोडीवर दोघे एकदम बोलले की दोघांचंही वाया जातं. ज्याला वाटेल त्याने बोलावं, हा प्रयोग जगाने करून पाहिला आहे. हवाई विद्यापीठात नॉर्मन अब्रॅमसन यांनी १९७१ साली अलोहा नावाचं रेडिओ जाळं सुरू केलं. तिथला नियम सोपा होता. सांगायचं असेल तेव्हा सांगा, टक्कर झाली तर थोडं थांबून पुन्हा सांगा. त्याचं गणित असं निघालं की वाहिनीच्या क्षमतेपैकी जास्तीत जास्त १८ टक्केच कामी येते. त्यापुढे बोलणारे वाढले तर पोचणारे निरोप उलट कमी होतात. आणि बोलणारे वाढतात कधी? तुमच्या डाळमिलचा इनकमर, म्हणजे मुख्य ब्रेकर, पडला की तिसाही मीटरना त्याच क्षणी काहीतरी सांगायचं असतं. जेव्हा बातमीची सर्वात जास्त गरज, नेमकी तेव्हाच तार बसणार. माझी फेरी शांत दिवशी जेवढा वेळ घेते तेवढाच गडबडीच्या दिवशी घेते. राहिली तुमची अठरावी मोटर. तिला वाचवायचं काम मीटरचं नाहीच. तिथे ओव्हरलोड रिले आहे, सिंगल फेजिंग प्रिव्हेंटर आहे. तो कोणाला न विचारता काँटॅक्टर पाडतो. ज्याने पोलिंगच्या भरवशावर मोटर सोडली त्याची चूक पोलिंगच्या माथी मारू नका.

शंकेखोर : "तेवढाच वेळ" म्हणालात ना? तो किती, ते मांडा आधी.

पाठीराखा : मांडतो. बॉड रेट ९६००. मॉडबस आरटीयूमध्ये एक अक्षर ११ बिटांचं, म्हणजे १.१५ मिलिसेकंद. प्रश्न ८ अक्षरांचा, ९.२ मिलिसेकंद. मीटरकडून १० रजिस्टर मागवली तर उत्तर २५ अक्षरांचं, २८.६ मिलिसेकंद. प्रश्न संपला, उत्तर संपलं, हे ओळखायला साडेतीन अक्षरांची शांतता पाळावी लागते. ती ४ मिलिसेकंद, दोनदा धरा. बेरीज ४६. मीटर उत्तर जुळवायला जो वेळ घेतो तो मीटरगणिक वेगळा. ३० मिलिसेकंद धरू. एका मीटरमागे ७६ मिलिसेकंद, तीस मीटरना २.३ सेकंद. डाळमिलच्या वीज हिशेबाला याहून ताजं कोणाला हवंय? आणि हवंच असेल तर आधी प्रश्न नीट विचारावेत. तीच दहा रजिस्टर एकेक करून मागवणारे महाभाग मी पाहिलेत. त्यांना दर मीटरमागे ७६ ऐवजी साडेपाचशे मिलिसेकंद लागतात, आणि वर म्हणतात मॉडबस हळू आहे. बॉड रेट वाढवायलाही सगळे धावतात. ९६०० चे १,१५,२०० करा, तार बारापट वेगवान होईल. पण मीटरचे ३० मिलिसेकंद तसेच राहतात, आणि १९,२०० च्या पुढे दोन फ्रेममधली शांतताही ठरावीक १.७५ मिलिसेकंदांची धरायची असते. म्हणून फेरी २.३ वरून १.१ सेकंदावर येते. बारापट वेगाने जेमतेम निम्मा वेळ वाचतो.

(या वादात आकडे टाळले की दोन्ही बाजू सारख्याच खऱ्या वाटू लागतात. वाचकाने कागद-पेन्सिल घेतली तर बरं. पुढची सगळी लढाई या ७६ मिलिसेकंदांच्या आसपासचीच आहे.)

शंकेखोर : हिशेब चोख आहे. फक्त तो सगळे जिवंत असतानाचा आहे. आता एक मीटर बंद पाडा. मास्टरचा टाइमआउट १ सेकंद, रिट्राय ३. बहुतेक जागी कोणी न बघता हेच आकडे ठेवतात. म्हणजे एकदा विचारायचं, सेकंदभर वाट पाहायची, असं चारदा. पंगतीतला एक पाहुणा आलाच नाही, तरी वाढपी त्याच्या रिकाम्या पाटापुढे चारदा वाकून वाट पाहतोय आणि पुढच्यांचा भात निवतोय. एका मेलेल्या मीटरमागे ४ सेकंद. तुमची २.३ सेकंदांची फेरी सव्वासहावर गेली. तीन मेले तर चौदा सेकंद. आणि मीटर एकेक करून मरत नाहीत. एका पॅनेलचा कंट्रोल सप्लाय गेला की त्या पॅनेलमधले दहाच्या दहा एकदम जातात. मग फेरी चाळिसाच्या वर. गडबडीच्या दिवशीही तेवढाच वेळ लागतो म्हणालात. इथे तर तो अठरापट झाला. वीस जिवंत मीटर दहा मेलेल्यांच्या मागे रांगेत उभे आहेत. तारेचा वेग आणि मीटरची चपळाई मोजत बसलात, पण फेरी किती वेळाची हे ठरवतो तो न बोलणारा.

पाठीराखा : हा वार बसला. पण त्याचं औषध आहे आणि ते फुकट आहे. टाइमआउट सेकंदाचा ठेवायचं कारणच काय? आठवडाभर प्रत्येक मीटरच्या उत्तराचा वेळ नोंदवा. सर्वात उशिराचं उत्तर ९० मिलिसेकंदांत आलं असेल तर १५० ठेवा. रिट्राय एक पुरे. दोनदा नाही बोलला तर त्याला मुख्य यादीतून काढा आणि मिनिटातून एकदा सहज विचारा, उठलास का म्हणून. मग दहा मेले तरी पहिल्या फेरीला पाचेक सेकंद लागतील. पुढच्या फेऱ्या उरलेल्या विसांच्या, म्हणजे दीड सेकंदाच्या. उलट फेरी लहानच होते.

शंकेखोर : आता खरी भानगड सुरू होते. टाइमआउट छाटलात. एखादा मीटर एरवी ६० मिलिसेकंदांत बोलतो, पण आज त्याने स्वतःच्या मेमरीत काही लिहायला घेतलं आणि उत्तराला २०० लागले. तुम्ही १५० ला त्याला सोडलं आणि त्याच मीटरला पुढचा प्रश्न टाकला. आधी व्होल्टेज विचारलं होतं, आता करंट विचारला. तेवढ्यात त्याचं आधीचं उत्तर आलं. मॉडबस आरटीयूच्या उत्तरात काय असतं? मीटरचा नंबर, फंक्शन, किती बाइट, मग आकडे आणि चूक तपासायची सीआरसी. हे कोणत्या रजिस्टरचं उत्तर आहे ते त्यात कुठेच लिहिलेलं नसतं. दोन्ही प्रश्न सारख्याच लांबीचे असले तर मास्टरला सगळं बरोबर दिसतं. नंबर तोच, लांबी तीच, सीआरसी बिनचूक. आणि पडद्यावर करंटच्या चौकटीत येतं ४१५. दहा अँपिअरच्या मोटरचा करंट ४१५ अँपिअर! बरं, एवढा वेडा आकडा निदान डोळ्यांत भरतो. पहिल्या फेजच्या करंटच्या जागी दुसऱ्याचा आला तर कोणाच्या बापाला कळणार नाही. जास्त वाट पाहिली तर बाकीचे उपाशी राहतात, आणि कमी पाहिली तर खोट्याला खरं म्हणून घ्यावं लागतं. मधली जागा कुठे आहे ते दाखवा.

पाठीराखा : मॉडबस टीसीपीमध्ये प्रत्येक प्रश्नाला क्रमांक असतो आणि तोच उत्तरावर परत येतो, हे मी सांगणार होतो. पण तुमची डाळमिल आरटीयूवर आहे, तेव्हा त्या पळवाटेने जात नाही. एक उपाय असा की टाइमआउट झाला की लगेच पुढचा प्रश्न टाकायचा नाही. तार काही काळ शांत आहे याची खात्री करायची आणि नंतर दुसऱ्याच मीटरकडे जायचं. मग उशिराचं उत्तर आलं तर नंबर जुळत नाही, मास्टर ते फेकून देतो. फार तर पुढच्या प्रश्नावर आदळून दोन्ही खराब होतील, पण खोटा आकडा आत शिरणार नाही. दुसरा उपाय, एका मीटरला एकाच प्रश्नात सगळं विचारायचं. एका खेपेला १२५ रजिस्टरपर्यंत मागता येतात.

शंकेखोर : आणि गेटवे? आजकाल तारजोडी थेट संगणकात कोण नेतो? मधे एक डबी बसते. वर टीसीपी, खाली आरटीयू. तिला खाली १ सेकंदाचा टाइमआउट, वरच्या स्काडाला, म्हणजे देखरेखीच्या सॉफ्टवेअरला, अर्ध्या सेकंदाचा. स्काडा विचारतो, अर्ध्या सेकंदाने वैतागतो, पुन्हा विचारतो. डबी मात्र खाली पहिल्याच प्रश्नावर थांबलेली. मेलेल्या मीटरसाठीचे प्रश्न तिच्या पोटात साचत जातात, आणि मागे उभ्या असलेल्या धडधाकट मीटरची उत्तरंही वर उशिरा पोचतात. मग स्काडाला तेही मेलेले दिसतात. डबी एकाची, सॉफ्टवेअर दुसऱ्याचं. दोघेही छातीवर हात ठेवून सांगतात की आमच्याकडे दोष नाही. आणि दोघेही खरं बोलतात.

पाठीराखा : वरचा टाइमआउट खालच्या सगळ्या प्रयत्नांच्या बेरजेपेक्षा मोठा हवा, हा नियम साधा आहे. तो पाळायला दोन ठेकेदारांना एका टेबलाशी बसवावं लागतं, आणि ते तारेवरच्या कुठल्याही गणिताहून अवघड, एवढं मी कबूल करतो. पण आपण मिलिसेकंदांत फार अडकलो. आकडा किती ताजा हवा हे तारेला विचारून कळत नाही. ते पाण्याला विचारावं लागतं. पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा घ्या. जमिनीतलं पाणी खारट, म्हणून वान धरणाचं पाणी ८४ खेडी योजनेतून गावोगाव न्यायचं. समजा प्रत्येक गावच्या उंच टाकीची पातळी एका जागी बसून पाहायची आहे. टाकी चार मीटर खोल आणि भरायला दोन तास. म्हणजे मिनिटाला सव्वातीन सेंटिमीटर. पाच मिनिटांपूर्वीचा आकडा सोळा-सतरा सेंटिमीटरने चुकेल, आणि टाकी ओसंडायच्या आधी व्हॉल्व्ह बंद करायला तो पुरेसा आहे. तिथे दोन सेकंदांची फेरी मागणारा माणूस पैसे आणि मोबाइलचा डेटा दोन्ही जाळतो. अमरावतीला सिंभोऱ्याहून पाणी येतं, अकोल्याला महानच्या काटेपूर्णेतून. त्या जलवाहिन्यांवरच्या पातळी-प्रवाहाचंही तसंच आहे. आधी बदलाचा वेग काढा, मग विचारायचा वेग ठरवा.

शंकेखोर : टाकीची पातळी संथ असते, मान्य. पण त्याच जलवाहिनीला भगदाड पडलं तर दाब काही सेकंदांत उतरतो. तो पाच मिनिटांच्या फेरीत कोणाला दिसणार? आणि डाळमिलकडे परत येतो, कारण तिथे दुसरा घोळ आहे. तुमच्या फेरीतले तीस आकडे एकाच क्षणाचे नसतात. पहिला आताचा, तिसावा २.३ सेकंदांनंतरचा. मधेच एलिव्हेटर सुरू झाला, पंखा बंद झाला. मुख्य मीटर दाखवतो ४१२ किलोवॅट, खालच्यांची बेरीज येते ३८७. मालक विचारतो, पंचवीस किलोवॅट कोण खातंय? जिनिंगमध्ये तर यंत्रांचा भार सतत वरखाली होतो, तिथे ही बेरीज कधी जुळायचीच नाही. चोरी झालेलीच नसते, पण इलेक्ट्रिशियनवर मात्र संशय येतो.

पाठीराखा : इथे मी तुमच्याच बाजूने बोलतो, पण दोष पोलिंगला देत नाही. त्या मालकाला किलोवॅट दाखवायचेच कशाला? युनिट दाखवा. किलोवॅट हा त्या क्षणाचा आकडा. उशिरा वाचला की गेला. युनिट साठत जातात. दोन सेकंदांनी वाचा, दोन मिनिटांनी वाचा, मधलं काहीही हरवत नाही. दोन वाचनांतली वजाबाकी केली की तासाचा, पाळीचा हिशेब बरोबर येतो. कमाल मागणीही मीटर स्वतः धरून ठेवतो. तुम्ही ती पकडायला तारेवर टपून बसायची गरज नाही. अगदी एकाच क्षणाचे आकडे हवे असतील तर काही मीटरमध्ये गोठवायची सोय असते. शून्य नंबरवर हुकूम सोडायचा; तो सगळे ऐकतात, उत्तर कोणीच देत नाही. मग गोठवलेले आकडे निवांत फेरीत गोळा करा. मी पोलिंगचा पाठीराखा आहे तो एवढ्यासाठीच: मीटरला लक्षात ठेवू द्या आणि आपण फक्त वसुलीला जा.

शंकेखोर : बरं, ज्याला वाट पाहून चालत नाही अशा जागी या. पारसच्या वीज केंद्राचा एक संच २५० मेगावॅटचा. तो पडला तर नागपूरला अंबाझरीच्या आणि नवी मुंबईत ऐरोलीच्या भार प्रेषण केंद्रात बसलेल्या माणसाला ते पाच मिनिटांनी कळून उपयोग नाही. वीज साठत नाही. फ्रिक्वेन्सी लगेच ५० हर्ट्झच्या खाली सरकू लागते. तिथे "वसुलीला जातो" म्हणून भागेल?

पाठीराखा : नाही भागणार. म्हणूनच वीजवाल्यांनी मधला मार्ग काढला. उपकेंद्रातल्या आरटीयू नावाच्या डबीशी (मॉडबस आरटीयू वेगळं) बोलायची एक पद्धत आहे, आयईसी ६०८७०-५-१०१, १९९५ ची. तिच्या एका प्रकारात मास्टरच विचारतो, उपकेंद्र न विचारता बोलत नाही. पण उत्तराच्या चौकटीत एक बिट राखून ठेवलेला असतो. नेहमीचे व्होल्टेज-करंट सांगता सांगता आरटीयू तो बिट वर करतो. त्याचा अर्थ, माझ्याकडे तातडीचं काही आहे. मास्टर बाकीचं बाजूला ठेवून आधी ते मागवतो. ब्रेकर कोणत्या मिलिसेकंदाला पडला याची वेळ आरटीयूने स्वतःच लिहून ठेवलेली असते, म्हणून बातमी सेकंद-दोन सेकंद उशिरा पोचली तरी घटनांचा क्रम बिघडत नाही. आणि ब्रेकर पाडायचं काम रिलेने तोवर केव्हाच उरकलेलं असतं.

शंकेखोर : म्हणजे शेवटी तुम्हालाही स्लेव्हला, म्हणजे ज्याला मास्टर विचारतो त्याला, हात वर करू द्यावा लागलाच! मॉडबसमध्ये तो बिटही नाही. आणि तोही पाळी आल्यावरच वर करायचा.

पाठीराखा : हात वर करू दिला, बोलू दिलं नाही. फरक आहे. तुमच्या पद्धतीत, जिथे घडलं तरच सांगायचं, तिथे एक प्रश्न सुटत नाही. टाकीकडून तासभर काही आलं नाही. याचा अर्थ पातळी बदलली नाही, की मोडेम जळाला? वळवाच्या विजा कडाडून गेल्यावर हा प्रश्न रोज पडेल. माझ्या पद्धतीत विचारलं आणि उत्तर आलं नाही, की तेही उत्तरच. न विचारता मिळालेल्या शांततेतून काही कळत नाही. मग तुमचे लोक काय करतात? दर पाच मिनिटांनी "मी जिवंत आहे" असा निरोप पाठवायला लावतात. ते माझंच पोलिंग झालं, फक्त उलट्या दिशेने. आणि तो पाच मिनिटांचा निरोप चुकला तर किती थांबून त्याला मेला म्हणायचं? टाइमआउट तुम्हालाही चुकला नाही.

शंकेखोर : नाही चुकला. पण तुमचं "उत्तर नाही हेही उत्तर" पडद्यावर पोचतं का? माझं सगळ्यात मोठं दुखणं तेच आहे. मीटर मेला, मास्टरला कळलं, आणि पडद्यावर काय? शेवटचा चांगला आकडा. हिरव्या अक्षरात, ठसठशीत. सकाळी दहाचे ७२ किलोवॅट दुपारी दोनलाही ७२ किलोवॅट. एकही आकडा हलत नाही, आणि पाहणाऱ्याला वाटतं मिल काय सुरळीत चाललीय! पोलिंगने जी माहिती एवढं थांबून, चार-चारदा विचारून मिळवली, ती दाखवणाऱ्याने फेकून दिली. आकड्याला वय असतं. ते कोणी छापतच नाही. तुम्ही फेरीचा वेळ सांगता. मला समोरच्या आकड्याचं वय हवंय, आणि ते सगळे जिवंत असतानाचं नकोय.

पाठीराखा : यावर मी भांडणार नाही. प्रत्येक आकड्याशेजारी तो कधी वाचला ती वेळ, आणि ठरलेल्या वयापुढे गेला की राखाडी रंग. करायला अर्धा दिवस लागतो. कोणी मागत नाही म्हणून कोणी करत नाही, आणि यात आम्ही यंत्रणा बसवणारेच जास्त दोषी. पण स्लेव्हने आपण होऊन बोलावं, हे एका तारजोडीवर मी मान्य करणार नाही. गावच्या टाक्यांचं निराळं. तिथे प्रत्येकीचं स्वतःचं मोबाइल सिम असतं, तारेवरची टक्कर नाही. तिथे भगदाडाची बातमी टाकीने स्वतः द्यावी आणि पातळी मी विचारावी, एवढं चालेल.

शंकेखोर : आणि एकाच मनोऱ्यावरची पंचवीस गावं एकदम बोलू लागली तर? तो मनोराच बंद पडला तर?

पाठीराखा : तर मी विचारूनही उत्तर येणार नाही. तिथे आपण दोघेही सारखेच.

शंकेखोर : म्हणजे कोणी आधी बोलायचं हा वाद उरलाच. उरू द्या. पण निविदांत जे "स्कॅन टाइम २ सेकंद" लिहितात ते आधी खोडा. त्याऐवजी लिहा : एक पूर्ण पॅनेल बंद असताना बाकीच्या मीटरचा आकडा जास्तीत जास्त किती सेकंद जुना चालेल, आणि तो जुना झाला हे पडद्यावर कसं दिसेल. अमरावती-अकोल्यात यंदा जो कोणी अशा यंत्रणेचा ताबा घेणार असेल, त्याने सही करायच्या आधी एका पॅनेलचा कंट्रोल सप्लाय काढावा, हातात घड्याळ घेऊन पडद्यापुढे बसावं, आणि शेजारच्या पॅनेलचे आकडे किती वेळाने हलतात ते ठेकेदारासमोर कागदावर लिहून घ्यावं.